आलमपूरचा संगमेश्वर : स्थलांतरित देवालयाचे दर्शन

तुंगभद्रेच्या काठी वसलेले आलमपूर हैदराबादपासून सुमारे 220 किलोमीटर व कर्नूलपासून सुमारे 25 किलोमीटर अंतरावर आहे. 2016 पासून ते तेलंगणातील जोगुळांबा गदवाल जिल्ह्यात मोडते. बदामीच्या चालुक्यांच्या काळात उभारलेल्या नवब्रह्म देवालयांमुळे या गावाची कीर्ती दूरवर पसरली आहे. नावात ब्रह्म असले तरी ही देवालये शिवाची होत. यात्रेकरू बालब्रह्मेश्वराचे दर्शन घेतो, जोगुळांबेची ओटी भरतो आणि परतीची गाडी गाठतो. याच गावातील संगमेश्वर देवालयाकडे मात्र पुष्कळांची पावले वळत नाहीत.

संगमेश्वर म्हणजे संगमाचा स्वामी. पण या देवालयासमोर संगम कोठेच दिसत नाही, व चौकस प्रवाशास त्याचे नवल वाटते. याचे कारण असे की, हे देवालय मूळचे येथील नव्हे. येथून सुमारे 20 किलोमीटरवर, कृष्णा व तुंगभद्रा या नद्या जेथे एकत्र येतात, तेथील कुडवेल्ली गावी ते शतकानुशतके उभे होते. कृष्णेवरील श्रीशैलम प्रकल्पाच्या जलाशयाखाली ती भूमी जाणार हे निश्चित झाल्यावर पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली देवालय उतरवून आलमपुरास पुन्हा उभारण्यात आले.

देवालय हलविणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. चालुक्यकालीन बांधणीत घडीव दगड चुन्यावाचून, एकमेकांत नेटके बसवून रचलेले असतात. चुन्याने सांधलेली भिंत सोडवू गेल्यास फुटते. अशी रचना मात्र ज्या क्रमाने चढविली त्याच्या उलट क्रमाने उतरविता येते. अशा कामात प्रथम संपूर्ण वास्तूची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे घेतात. प्रत्येक दगडावर क्रमांक घालतात. मग शिखरापासून आरंभ करून थरामागून थर खाली घेतात. नव्या जागी पाया भरून तोच क्रम पायापासून वर चढवीत नेतात. एखादा क्रमांक पुसला गेला वा दगड वाटेत दुभंगला, तर पुढचा सारा थर अडून बसतो. पाथरवटाचे कसब आणि कारकुनाचा नेटकेपणा या दोहोंची येथे सारखीच गरज असते, आणि दुसऱ्याचे कौतुक सहसा कोणी करीत नाही.

दर्शनार्थीने आत शिरण्याची घाई करू नये. प्रथम उंच जोत्याभोवती एक फेरी घालावी व सभोवारचा प्राकार पाहावा. वर पाहिले असता शिखराची वक्ररेषा नजरेत भरते. दक्षिणेत असूनही हे शिखर उत्तरेकडील रेखानागर पद्धतीचे आहे. नवब्रह्मांपैकी बहुतेक देवालयांचीही तीच ठेवण. दोन्ही शैली चालुक्यांच्या राज्यात शेजारी शेजारी नांदत होत्या, याचा हा दगडी पुरावा होय.

याच जलाशयामुळे पापनाशी समूहातील वीसाहून अधिक लहान देवालयेही उंच जागी हलविण्यात आली. मात्र त्या पाण्याखाली केवळ देवालयांच्या जागा गेल्या असे नव्हे. कृष्णा-तुंगभद्रेच्या खोऱ्यातील शंभराहून अधिक खेड्यांना आपली घरे, शेते व पाणवठे सोडावे लागले. देवालयाचा प्रत्येक दगड क्रमांकाने मांडून पुन्हा जागेवर बसला. खेड्यातील शेजार मात्र तसा पुन्हा बसविता आला नाही. संगमेश्वरापुढे उभे राहताना हा भाग विसरून चालणार नाही. गोव्यातील वाचकांस हे नवे नसावे. साळावली धरणामुळे कुर्डी गाव गेले आणि तेथील महादेवाचे प्राचीन देवालयही असेच उतरवून अन्यत्र उभारले गेले.

जोगुळांबेची कथा याच्या अगदी उलट आहे. अठरा शक्तिपीठांत गणना होणाऱ्या या देवीचे मूळ देवालय चौदाव्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त झाले, अशी परंपरा आहे. मूर्ती बालब्रह्मेश्वराच्या देवालयात सुरक्षित राहिली आणि 2005 मध्ये तिला नवे देवालय लाभले. म्हणजे संगमेश्वराचे दगड जुने, भूमी नवी; जोगुळांबेची भूमी जुनी, दगड नवे. कोणते अधिक प्राचीन मानावे, यावर शिक्षकांनी वर्गात चर्चा घडवून आणण्यास हरकत नाही.

हैदराबाद-कर्नूल महामार्गावरील आलमपूर चौरस्त्यावरून आत वळावे. बालब्रह्मेश्वरानजीकच्या पुरातत्त्व संग्रहालयात चालुक्यकालीन शिल्पे आहेत; ती आधी पाहिल्यास देवालयांच्या भिंतींवरील मूर्ती ओळखणे सोपे जाते. उन्हाळ्यात येथील फरसबंदी अनवाणी पायांस सोसवत नाही, तेव्हा संगमेश्वर सकाळी लवकर पाहावा आणि संग्रहालय दुपारसाठी ठेवावे.