नव्या अ‍ॅपचा आराखडा : कार्यशाळा कशी चालवावी?

घर बांधावयाचे तर आपण आधी नकाशा काढून घेतो. सोयरीक जुळवावयाची तर आधी चार वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात. परंतु एखाद्या संस्थेला मोबाइलवरील अ‍ॅप करवून घ्यावयाचे झाले, की बैठक न घेताच थेट कारागिराकडे जाण्याची रीत पडली आहे. काम पुरे होते, बिल चुकते होते, आणि मग ध्यानात येते की ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्याला ते वापरताच येत नाही. सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा नेमके काय लिहावयाचे हे ठरविणे अधिक कठीण, असे फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८६ सालीच सांगून ठेवले आहे. हे ‘काय’ ठरविण्याची जी शिस्तबद्ध बैठक, तिलाच कार्यशाळा म्हणतात.

ही कल्पना अगदी नवी नव्हे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आय. बी. एम. कंपनीत वापरणारे आणि बनविणारे यांना एकाच खोलीत बसवून आराखडा करण्याची पद्धत निघाली. पुढे २०१० साली गूगलमध्ये जेक नॅप यांनी ‘डिझाइन स्प्रिंट’ नावाची पाच दिवसांची पद्धत सुरू केली व २०१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तीच येथे थोडक्यात सांगतो.

समजा, आपल्या न्यासाला शिष्यवृत्तीचे अर्ज मोबाइलवरून स्वीकारावयाचे आहेत. कार्यशाळेस सातांहून अधिक माणसे नसावीत. चिटणीस, खजिनदार, अर्ज तपासणारा कार्यकर्ता, एखादा शिक्षक आणि अ‍ॅप बनविणारा, एवढे पुरेत. मात्र अंतिम निर्णयाचा अधिकार असलेली एक व्यक्ती हजर हवीच. नाहीतर पाच दिवसांची मेहनत पुढील सभेत एका वाक्याने रद्द होते. शिवाय एक सूत्रधार हवा. त्याने घड्याळ पाहावे, अबोल माणसाला बोलते करावे आणि आपले मत लादू नये.

सोमवारी प्रश्न निश्चित करावयाचा. अर्जदार कोठून निघतो आणि पैसे त्याच्या हाती पडेपर्यंत कोणकोणत्या पायऱ्या चढतो, याचा नकाशा फळ्यावर काढावा. जाणकारांना बोलावून विचारावे. अर्ज भरलेल्या एखाद्या आईला अवश्य विचारावे. मंगळवारी प्रत्येकाने एकट्याने, मुकाट्याने कागदावर उपाय रेखाटावयाचे. एक कागद आठ घड्यांत दुमडून आठ मिनिटांत आठ चित्रे काढण्याची एक युक्ती या वेळी वापरतात. चित्रकला यावी लागत नाही. सर्वांनी एकदम बोलण्यापेक्षा असे एकेकट्याने काम केल्याने मोठ्या आवाजाच्या माणसाची कल्पना केवळ आवाजाच्या जोरावर जिंकत नाही.

बुधवारी ही चित्रे नावाविना भिंतीवर लावतात. सर्वजण ती शांतपणे पाहतात, आवडलेल्या भागावर ठिपके चिकटवितात, आणि शेवटी अधिकारी व्यक्ती निवड करते. गुरुवारी देखावा उभा करावयाचा. नाटकातील पडद्यावरच्या वाड्यासारखा! मागे यंत्रणा काहीच नसते, पण पुढून अ‍ॅप खरे वाटते.

शुक्रवार हा परीक्षेचा दिवस. पाच खऱ्या अर्जदारांना एकेकटे बोलावून तो नमुना त्यांच्या हाती द्यावा. त्यांना शिकवू नये. ते कोठे अडखळतात ते नुसते पाहावे. पाचच का? जेकब निल्सन यांनी २००० साली दाखविल्याप्रमाणे, बहुतेक ठळक अडचणी पहिल्या पाच जणांतच उघडकीस येतात.

आमच्या बेळगाव भागात ही परीक्षा विशेष महत्त्वाची. घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा उर्दू, आणि अर्ज इंग्रजीत, अशी मुले येथे पुष्कळ. शाळेच्या दाखल्यावर नावाचे एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. यंत्र म्हणते, ‘माहिती जुळत नाही’. ओ. टी. पी. ज्या फोनवर यावयाचा तो घरातला एकुलता एक फोन वडील कामावर घेऊन गेलेले असतात. अशा वेळी त्या मुलीला कोणीच नाकारलेले नसते, तरी ती शिष्यवृत्तीला मुकते, आणि न्यासाच्या दप्तरात तिची नोंदही राहत नाही. कागदाच्या नमुन्यावर ही अडचण दिसली तर खोडरबराने दुरुस्त होते. अ‍ॅप तयार झाल्यावर तिला पैसे पडतात.

परीक्षेनंतर सुचलेल्या गोष्टींचे चार वाटे करावे : हवेच, असावे, जमल्यास, आणि यंदा नको. ही वाटणी डाय क्लेग यांनी १९९४ साली सुचविली. चौथा वाटा करावयास धैर्य लागते. पण खर्च आटोक्यात राहतो तो त्यानेच.

कार्यशाळेने सर्व चुका टळतात असे नव्हे. आपली मंडळी नोकरी-धंदा सांभाळून सेवा करणारी. सलग पाच दिवस न जमल्यास दोन-तीन रविवारांत काम उरकावे. काटकसर करावयाचीच तर सोमवार ते गुरुवार यांत करावी. शुक्रवार मात्र सोडू नये. दात्याने दिलेला रुपया ही अमानत आहे. ती ज्याच्यासाठी दिली त्याच्या हाती पोचते की नाही, हे खर्च करण्यापूर्वी पाहणे हे विश्वस्तांचे पहिले कर्तव्य होय.