चालत जाता येणारं राखीव पाणी

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला, ली या गावाजवळ, किनाऱ्याला खेटून गोट आयलंड नावाचं छोटं बेट आहे. माओरी लोक त्याला ते हावेरे-आ-माकी म्हणतात. इथे डायव्हिंगसाठी बोट लागत नाही. वाऱ्याचा रोख पाहायचा, लाटा किनाऱ्यावर येऊन पाणी गढूळ करत असतील तर बेत सोडायचा; पाणी निवळ असेल तर वेटसूट चढवून सरळ चालत आत शिरायचं. कमरेइतक्या पाण्यात पायांत फिन अडकवले की थोड्याच अंतरावर खडप सुरू होतं. कपारी, केल्प या तपकिरी समुद्री शेवाळाची दाटी, निळ्या माओमाओ माशांचे थवे आणि माणसाला पाहून न पळणारे मोठमोठे स्नॅपर मासे. सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या आणि किनाऱ्यापासून मुळात ८०० मीटर आत गेलेल्या या पट्ट्यात १९७५ पासून गळ, जाळं, शिंपले उचलणं, सगळंच बंद आहे. इतकी कडक बंदी लोकांनी स्वीकारली, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण हेच की तिचं फळ कुणालाही पायी जाऊन पाहता येतं.

मुळात हा बेत सामान्य माणसासाठी नव्हताच. ली इथल्या सागरी प्रयोगशाळेला अभ्यासासाठी न छेडलेलं पाणी हवं होतं, म्हणून ऑकलंड विद्यापीठाने १९६५ मध्ये मागणी केली. १९७१ चा कायदाही वैज्ञानिक अभ्यासासाठीच राखीव क्षेत्रांची तरतूद करतो. मग प्रत्यक्ष घोषणेला आणखी चार वर्षं. बिल बॅलन्टाइन हे सागरी शास्त्रज्ञ या लढ्याचा चेहरा ठरले. १९९६ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पण क्षेत्र राखलं गेलं आणि लोक येऊ लागले. मास्क लावून तोंड पाण्यात बुडवलेल्या मुलाला अन्नसाखळीची व्याख्या समजावावी लागत नाही. आधी स्नॅपर आणि शेवंडं बेसुमार पकडली गेल्यामुळे किना नावाचे काटेरी सी अर्चिन माजले होते. त्यांनी केल्प खाऊन खडक उघडेबोडके केले होते. किनाला खाणारे मोठे मासे आणि शेवंडं परतल्यावर केल्पचं रान पुन्हा उभं राहिलं. राखीव पट्ट्याबाहेरच्या अनेक खडपांवर आजही तो उघडा खडक दिसतो. एकाच किनाऱ्यावर दोन्ही स्थिती पाहता येणं, याहून स्पष्ट पुरावा सर्वसामान्य माणसाला कुठे मिळणार?

यावर एक रास्त शंका घेतली जाते. मासे माणसाळलेले असतील तर ते डायव्हरजवळ जमतील आणि मोजदाद फुगेल. संशोधकांनी ही शंका गंभीरपणे घेतली आणि डायव्हरऐवजी आमिष लावलेले कॅमेरे पाण्यात सोडले. तरीही लीसह तीन संरक्षित ठिकाणी पकडण्याजोग्या आकाराचे स्नॅपर बाहेरच्यापेक्षा सुमारे १४ पट दाट आढळले. दुसरा आक्षेप मच्छीमारांचा: आमचं पाणी गेलं, आम्हाला काय मिळालं? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचं उत्तर दिलं. सुमारे ४०० चौरस किलोमीटर परिसरात नव्याने स्थिरावलेल्या स्नॅपरच्या पिल्लांपैकी जवळपास ११ टक्के या जेमतेम ५ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रातल्या आईबापांची होती. तोटा अजिबात नाही असं यातून सिद्ध होत नाही. पण राखलेलं पाणी बंद तिजोरी नसतं, एवढं नक्की सिद्ध होतं.

शेवंडांची गोष्ट मात्र बोचते. ती सुरुवातीला झपाट्याने वाढली आणि नंतर पुन्हा घटली, कारण ऋतूनुसार ती खोल पाण्याकडे जातात, तेव्हा ८०० मीटरची रेषा ओलांडत आणि रेषेपलीकडे पिंजरे लावलेले असत. हे संरक्षणाचं अपयश नाही. प्राण्याच्या फिरण्यापेक्षा लहान कुंपण घातल्याचं ते फळ आहे. ली ज्याच्या काठावर आहे त्या हौराकी आखातासाठीच्या २०२५ च्या कायद्याने या क्षेत्राची हद्द वाढवली, ती योग्यच. गर्दीने खडप तुडवलं जातं, हा आक्षेपही खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे पाण्यात शिरण्याच्या जागा ठरवणं, माशांना खाऊ घालणं थांबवणं आणि पायाखाली काय आहे ते पाहायला शिकवणं.

लीचा हा धडा आपल्याकडे आणायचा तर मालवणकडे पाहावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं: एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा ३.१८. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर आज पर्यटकांना बोटीने नेऊन पाण्यात उतरवलं जातं. तिथला पारंपरिक मच्छीमार अभयारण्याला विरोध करतो तेव्हा त्याला निसर्गशत्रू ठरवणं अन्यायाचं आहे. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध तोच तर वर्षानुवर्षं भांडतो आहे, आणि ली इथल्यापेक्षा त्याच्या पोटाचा प्रश्न कितीतरी तातडीचा आहे. म्हणून लीचं अनुकरण करायचं तर ते नकाशावरच्या रेषेचं करू नये. रापणकरांनी आणि गळाने मासे धरणाऱ्यांनी स्वतः निवडलेला, ओहोटीला पायी गाठता येईल असा एखादा लहान खडपाचा तुकडा काही वर्षं पूर्ण सोडावा, मोठ्या जाळ्यांवरची बंदी त्याच वेळी खरोखर अमलात आणावी, आणि त्या तुकड्यात काय फरक पडला ते दर हंगामात मच्छीमारांच्याच मुलांनी मोजावं.