जुन्या मोटारीचा छंद : हात गुंतवा, छाती जपा

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदवलेल्या त्या गाडीने टॅक्सींसाठी ठरलेली २० वर्षांची मर्यादा गाठली होती. टॅक्सी गेली, तरी खासगी पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट अकराशे आजही काही घरांच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. निवृत्तीनंतर एखादे गृहस्थ ती ताडपत्री दूर सारतात आणि ब्रेक व गंजलेला पत्रा स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याचा संकल्प सोडतात. मग मुले-सुना दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, या वयात बाबांना हे करू द्यावे का?"

माझे उत्तर होकारार्थी असते. मात्र कामाची वाटणी करून. बोटांना हालचाल, बुद्धीला कोडे आणि दिवसाला क्रम देणारे काम वार्धक्यात सहज मिळत नाही. ते हिरावून घेण्याऐवजी त्यातील धोके ओळखावेत. कुटुंबीयांना भय वाटते ते गंजक्या पत्र्याचे; खरा धोका अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही.

ब्रेकमधील धूळ

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत घासून झिजलेल्या लायनिंगची भुकटी वर्षानुवर्षे साचून राहते. उष्णता सोसावी म्हणून जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जाई. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात. त्यातून फुप्फुसाचा आणि फुप्फुसावरणाचा कर्करोग उद्भवू शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिकच वाढतो.

हा आजार प्रकट होण्यास बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. पंचाहत्तरीचे आजोबा त्यावर हसून म्हणतील, "मग मला कसली भीती?" परंतु शेजारी बॅटरी धरून बसलेला नातू दहा वर्षांचा असतो. तो ऐन उमेदीत येईल, तेव्हा ही मुदत भरत आलेली असेल. म्हणून ड्रम उघडताना मुलांना तेथे थांबू देऊ नये.

ही धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या दाबाने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून ती भिजवावी, ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून टाकावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवू शकत नाही. लायनिंग तासण्या-घासण्याचे काम घरी मुळीच करू नये. कामाचे कपडे घरातील कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

ब्रेकचे तेल

हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि आतील धातू गंजतो; म्हणून उघड्या डब्यातील जुने तेल वापरू नये. उरलेले तेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर घातकच. मंद दृष्टीच्या वा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने ते चुकून प्यायल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. असे घडल्यास उलटी न करवता, डब्यासह तातडीने रुग्णालय गाठावे.

गंज, पत्रा आणि जखम

आपल्याकडे पावसाळ्यात, आणि कोकण-मुंबईच्या खाऱ्या हवेत विशेषच, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी आणि पायाखालचा पत्रा प्रथम कुजतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही. माती-शेणातील जिवाणूंचे बीजाणू जखमेत शिरल्याने होतो. प्रौढांनी दर १० वर्षांनी लसीची मात्रा घ्यावी. जखम मळलेली असून शेवटच्या मात्रेस ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, किंवा लसीकरणाचे स्मरणच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास छोटी चीरही बराच वेळ वाहते. अशा वेळी स्वच्छ कापडाने किमान १० मिनिटे सलग दाबून धरावे. मधेच उचलून पाहू नये. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, म्हणून चपलेऐवजी बंद जाड बूट घालावेत.

जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे पॉलिश पेपरने घासताना पृष्ठभाग ओला ठेवावा. गंज रोखणाऱ्या द्रावणात बहुधा फॉस्फरिक आम्ल असते. हातमोजे आणि चष्मा अनिवार्य. थेंब डोळ्यात उडाल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पेसमेकर असलेल्यांनी वेल्डिंगपासून दूर राहावे.

वाटणी कशी करावी?

जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. सपाट जमिनीवर, जमिनीला टेकलेल्या चाकांना ठोकळे लावून आणि मजबूत लोखंडी स्टँडवर गाडी टेकवूनच चाक काढावे. विटांचा आधार घेऊ नये. गाडीखाली शिरणे तरुणाकडे सोपवावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना खाली बसून एकदम उठल्यास भोवळ येते. कामासाठी उंच स्टूल घ्यावे आणि उठताना क्षणभर थांबावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करू नये.

ब्रेकमधील हवा काढणे हे मुळातच दोघांचे काम आहे: एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सोडायचा-आवळायचा. येथे बाबांनी आसनावर बसून पेडल सांभाळावे आणि मुलाने खाली बसावे. सुटे भाग पुसणे, क्रमाने मांडणे, नोंद ठेवणे, हा अधिकार मात्र बाबांचाच असू द्यावा.

अखेरीस, गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडून ब्रेक तपासून घ्यावेत. त्यात कोणाच्या कौशल्यावर अविश्वास नाही; रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुले-नातवंडे चालत असतात.