एकच दरवाजा रंगवला, तरी गाडी दोन रंगांची का दिसते?

पाऊस उघडला, भातकापणी उरकली की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा या पट्ट्यातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे गाड्यांची रांग लागते. कारण सगळ्यांना माहीत आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, तेव्हापासून खड्डे, डायव्हर्जन आणि उडणारी खडी यांनी किती गाड्यांचे पत्रे चेपले याचा हिशेब ठेवायला कोण बसलंय?

गाडी रंगून तयार होते. संध्याकाळी गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली झकास दिसते, पैसे देऊन आपण घरी आणतो. सकाळी अंगणात ऊन पडल्यावर बघावं तर रंगवलेला दरवाजा एका छटेचा आणि बाकीची गाडी दुसऱ्या. मग वाद. मालक म्हणतो, रंग हलका वापरलात. पेंटर म्हणतो, कंपनीच्या कोडचाच रंग आणलाय, बिल बघा. गंमत अशी की बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे इको, बोलेरो, पिकअप ही घरची गाडी पण असते आणि धंद्याची पण, आणि पाच-सात वर्षांनी ती विकून दुसरी घ्यायची असते. एक पॅनेल वेगळं दिसलं की घेणारा लगेच म्हणतो, "गाडी ठोकलेली आहे." साधा ओरखडा असला तरी भाव पडतो. हल्ली जुन्या गाड्या घेणारे रंगाची जाडी मोजायचं मीटरच सोबत आणतात. कंपनीतला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. लांबी भरून रंगवलेल्या जागी आकडा कित्येक पट दाखवतो. म्हणजे काम झालंय हे लपत नाहीच. पण काम नीट झालंय की कसंतरी, हे शेडवरून ठरतं.

आता शेड कुठे बिघडते ते बघू.

प्रत्येक गाडीला रंगाचा कोड असतो. तो बोनेटखालच्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर चिकटवलेला किंवा कोरलेला सापडतो. "पांढरी मारुती आहे" एवढं सांगून रंग आणायला पाठवणं म्हणजे "भाताचं बियाणं द्या" म्हणण्यासारखं आहे. मारुतीचाच साधा सुपीरियर व्हाइट (कोड २६यू) वेगळा आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट (कोड झेडएचजे) वेगळा. पहिला साधा पांढरा, दुसऱ्यात मोत्यासारखी चमक देणारे अभ्रकाचे कण. पर्लमध्ये आधी पांढरा बेस, त्यावर पर्लचा थर, त्यावर क्लिअर असं तीन टप्प्यांचं काम असतं. पर्लचा एक हात जास्त-कमी झाला तरी शेड बदलते. म्हणून पांढरी गाडी रंगवायला सोपी हा समज डोक्यातून काढा.

कोड बरोबर असला तरी काम संपत नाही. एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या वर्षी थोडा इकडे-तिकडे होतो. त्यामुळे रंग कंपन्या एकाच कोडचे दोन-चार फॉर्म्युले देतात, कोणी जरा पिवळट, कोणी जरा निळसर, कोणी गडद. रंग बनवणाऱ्या दुकानात या शेडच्या पट्ट्या असतात. चांगला पेंटर पट्ट्या गाडीला लावून, त्यातली जुळणारी निवडून मगच रंग बनवायला सांगतो. मशिनवर टिंटर ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजून टाकतात. पाव लिटर पांढऱ्या रंगात काळ्याचे दोन थेंब जास्त पडले तरी तो राखाडी वाटायला लागतो.

आणि मग गाडीचं वय. कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग. तुमची गाडी आठ वर्षं उन्हात उभी आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेते, पेणच्या खाडीकडच्या गावांत खारी हवा खाते, महामार्गाची धूळ फडक्याने कोरडी पुसली जाते. वरचा क्लिअर मंद होतो, लाल रंग फिका पडतो. अशा गाडीला नव्या कोडचा रंग तंतोतंत लावला तर तो वेगळा दिसणारच. म्हणून रंग जुळवण्याआधी शेजारचा जुना पत्रा धुऊन, कंपाउंड मारून पॉलिश करून घ्यायला हवा. मळावर शेड जुळवली आणि नंतर गाडी पॉलिश केली की फरक उघडा पडतो. पुष्कळ ठिकाणी हे उलट्या क्रमाने होतं.

सिल्व्हर, ग्रे यांसारख्या मेटॅलिक रंगांत खरी परीक्षा. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात. ते कसे बसतात त्यावर उजेड कसा परततो ते ठरतं. गन लांब धरली, हवेचा दाब जास्त ठेवला, रंग कोरडा पडला, तर कण वरच्या बाजूला राहतात आणि पत्रा उजळ दिसतो. ओला, जाड हात मारला तर कण खाली बसतात आणि तोच रंग गडद होतो. डबा एक, पेंटर एक, तरी शेड दोन! शिवाय समोरून जुळलेला मेटॅलिक बाजूने बघितल्यावर काळपट वाटू शकतो. म्हणून बघताना समोरून बघा, मग गाडीच्या टोकाला उभं राहून तिरकंही बघा. आणि डबा तळापासून ढवळलाय का हेही बघा, कण तळाला बसलेले असतात.

हमरापूर, जोहे भागातल्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्यांना यातलं बरंच सांगावं लागत नाही. ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक असतो, आणि दिव्याखाली बघितलेली शेड दिवसा दगा देते, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. दोन रंग ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे, कारण रंगात वापरलेले टिंटर वेगळे असू शकतात. गाडीच्या बाबतीत याचा उपाय एकच आणि स्वस्त आहे, नमुना कार्ड. ज्या गनने, ज्या दाबाने दरवाजा रंगवणार त्याच पद्धतीने एका कार्डावर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारायचा, त्यावर क्लिअर मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि दिवसाउजेडी गाडीला टेकवून बघायचा. क्लिअर न मारता बघितलेल्या कार्डाला काही अर्थ नाही, क्लिअरखाली रंग गडद होतो. अर्धा दिवस जातो, पण दरवाजा पुन्हा घासून रंगवण्यापेक्षा बरा. मालकाने हे कार्ड मागावं. पेंटरने तोंड वाकडं केलं तरी मागावं.

कार्ड जवळपास जुळलं, पण अगदी शंभर टक्के नाही, तर काय? मेटॅलिक आणि पर्लमध्ये बहुतेक वेळा असंच होतं. त्यावर ब्लेंडिंग करतात. पुढचा दरवाजा रंगवायचा तर बेस रंग पातळ करत करत मागच्या दरवाजावर आणि फेंडरवर थोडा उतरवत न्यायचा आणि त्या पूर्ण पॅनेलवर क्लिअर मारायचा. मग फरक कुठे सुरू होतो ते डोळ्याला सापडत नाही. यात मजुरी आणि क्लिअर जास्त लागतो, म्हणून भाव वाढतो. "एका पॅनेलचे एवढे" असा ठोक भाव करून मेटॅलिक गाडी जुळवून मागणं हे पेंटरवरही अन्यायाचं आहे.

बंपरचं वेगळं. तो प्लास्टिकचा, कितीतरी वेळा नवीन गाडीतही बंपर आणि फेंडर किंचित वेगळे असतात. तिथे फार ताणू नये.

पावसाळ्यात शक्यतो रंगकाम टाळा. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. उघड्या शेडमध्ये हे हमखास. कंपनीत रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो, आपल्याकडचा चांगला बूथ ६० अंशांपर्यंत तापतो, आणि बूथच नसेल तर हार्डनर टाकलेला रंग हवेवरच वाळतो. त्यामुळे नोव्हेंबर ते मे बरा.

विम्यातून काम करत असाल तर ध्यानात ठेवा. साध्या पॉलिसीत रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे १०,००० च्या बिलात १,२५० रुपये तुमच्या खिशातून, वर सक्तीची वजावट वेगळी (१५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये). झिरो डेप असेल तर घसारा लागत नाही. छोट्या ओरखड्यासाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो, तो हिशेब आधी करा. ब्लेंडिंगसाठी शेजारचं पॅनेल घ्यावं लागणार असेल तर सर्व्हेअर गाडी बघायला येईल तेव्हाच सांगा, नंतर बिल लावलं तर अडतं.

आरसी बुकात रंगाची नोंद असते. त्याच रंगात रंगवलं तर काही करावं लागत नाही. पूर्ण रंगच बदलायचा विचार असेल तर आधी पेणच्या आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते.

काम झाल्यावर गाडी सकाळच्या उजेडात ताब्यात घ्या. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत मागून घ्या आणि तिच्यावर कोड, कोणता फॉर्म्युला वापरला ते आणि तारीख लिहून ठेवा. नमुना कार्डही आरसी बुकाबरोबर ठेवा. पुढच्या वेळी फेंडर रंगवायचा झाला तर पेंटरला तिथून सुरुवात करता येते.