थोडक्या स्मृतीचा संसार

संगणकाची 'स्मृती' म्हणजे काम चालू असताना सामान मांडायची जागा. ती संपली की यंत्र कितीही चपळ असले तरी अडते. आज खिशातल्या फोनातही ही जागा भरपूर असते. तरीसुद्धा काही हौशी मंडळी एकाच बोर्डावर ८०८८ ही जुनी चिप बसवून तिच्यावर डॉस चालवतात. थोडक्यात कसे भागवावे, हे तिथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

मर्यादा आली कोठून? १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तो याच चिपवर. तिला पत्ता सांगणाऱ्या तारा वीस. त्यामुळे घरे १०,४८,५७६, म्हणजेच १०२४ किलोबाइट. त्यांपैकी वरची ३८४ पडद्यासाठी व यंत्राच्या कायमच्या सूचनांसाठी राखून ठेवली. उरलेल्या ६४० मध्ये डॉस, त्याचे मदतनीस आणि आपले काम, अशा सर्वांनी नांदायचे.

त्यात मराठीची अडचण अधिक. आपल्या जोडाक्षरांना पुष्कळ आकृती लागतात. सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या एका आकृतीला ३२ बाइट धरले, तर पाचशे आकृतींना १६,००० बाइट झाले; त्या जुळवणारा प्रोग्रॅम वेगळाच. यावर कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या जिस्ट कार्डाने चांगला तोडगा काढला: अक्षरे जुळवून पडद्यावर दाखविण्याचे काम कार्डानेच अंगावर घेतले. घरात जागा नसेल, तर शेजारी खोली घ्यावी, तसे हे झाले.

घरातली व्यवस्थाही हवीच. पहिला नियम, बिनकामाचा मुक्काम नको. माऊस वापरायचा नसेल तर त्याचा मदतनीस स्मृतीत बसवू नये. दुसरा, साठा बेताचा ठेवावा. डिस्कवरून आणलेला मजकूर ठेवण्याचा एकेक 'बफर' पाचशे बाइटांहून थोडा मोठा असतो. चाळीस मांडले की वीस किलोबाइट गेले. तिसरा नियम, वरच्या राखीव भागातले रिकामे कोनाडे वापरावे. १९९१ च्या डॉस ५ ने ही सोय दिली. पण तिचे तयार साधन ८०३८६ आणि त्यापुढच्या चिपांसाठी होते. ८०८८ च्या बोर्डावर त्या पत्त्यांशी स्मृतीची चिप आपणच जोडावी लागते, आणि डॉसला तिची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅमही लागतो.

कोनाडे भरतानाही क्रम महत्त्वाचा. मदतनीस सुरू होताना जागा जास्त मागतो, स्थिरावल्यावर कमी घेतो. म्हणून मोठा आधी बसवावा. पाणी साठवून वापरणाऱ्या आपल्या शहरातल्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही: हंडा आधी, मग कळशी, उरल्या फटीत तांब्या. शेवटी 'मेम' ही आज्ञा देऊन हिशेब पाहावा. किती जागा आहे यापेक्षा सलग किती मोकळी आहे, यावरच मोठे काम चालेल की नाही ते ठरते.