महागडा म्युझिक स्ट्रीमर घेताना: ध्वनीइतकाच प्रश्न आयुष्याचा

नवी दिल्ली : स्कॉटलंडमधील ग्लासगोनजीकची 'लिन' ही कंपनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून एक रेकॉर्ड प्लेअर तयार करीत आली आहे. त्या काळी घेतलेले यंत्र आजही दुरुस्त करून, सुटे भाग बदलून वापरता येते आणि त्यावर कोणत्याही कंपनीची ध्वनिमुद्रिका ठेवली तरी ती वाजते. याच कंपनीने २००७ मध्ये संगणकीय जाळ्यावरून संगीत वाजविणारा स्ट्रीमर बाजारात आणला आणि २००९ च्या अखेरीस सीडी प्लेअरचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय घेतला. उच्च श्रेणीच्या ध्वनियंत्रणेत संगीताचा उगम तबकडीकडून इंटरनेटकडे सरकला, याची ती जाहीर कबुलीच होती. तथापि रेकॉर्ड प्लेअर पन्नास वर्षे टिकतो म्हणून स्ट्रीमरही टिकेल, असे मानून काही लाख रुपये मोजणाऱ्या ग्राहकाची बहुधा निराशा होते. ती का होते आणि कशी टाळता येते, हे समजून घेण्यासाठी प्रथम या उपकरणाच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल.

स्ट्रीमर तीन कामे करतो. इंटरनेटवरून अथवा घरातील साठवण-डिस्कवरून संगीताची फाइल मागविणे, ती उलगडणे आणि त्या अंकांचे अ‍ॅम्प्लिफायरला देण्याजोग्या विद्युत्-संकेतात रूपांतर करणे. या तिसऱ्या कामासाठीच्या परिपथाला 'डॅक' म्हणतात. काही उपकरणे केवळ पहिली दोन कामे करतात व तिसरे बाहेरच्या डॅककडे सोपवितात. त्यांना व्यवहारात 'ट्रान्सपोर्ट' असे नाव आहे. काहींत डॅक अंतर्भूत असतो, तर काहींत अ‍ॅम्प्लिफायरही असतो आणि केवळ स्पीकर जोडायचे उरतात. वीम किंवा ब्लूसाउंड यांची तुलनेने माफक किमतीची उपकरणे, नेम, ल्यूमिन, ऑरेंडर यांची मधली व वरची श्रेणी आणि केंब्रिजच्या 'डीसीएस'सारख्यांची, एखाद्या चांगल्या मोटारगाडीच्या किमतीला भिडणारी यंत्रे, ही सारी मूलतः हेच काम करतात.

मग किमतीतील एवढे अंतर ऐकू येते काय? याचे प्रामाणिक उत्तर असे, की डॅक आणि त्यापुढील अ‍ॅनालॉग परिपथात फरक असू शकतो, पण तो स्पीकर बदलल्याने अथवा खोलीत त्यांची जागा बदलल्याने पडणाऱ्या फरकाच्या तुलनेत फारच लहान असतो. फाइल मागविणाऱ्या भागात तर तो आणखी कमी. इंटरनेटवरून येणारा मजकूर पुडक्यांच्या रूपात येतो. एखादे पुडके हरवले तर ते पुन्हा मागविले जाते आणि सर्व पुडकी आधी स्मृतीत साठवून मगच वाजविली जातात. वाजविण्याची लय शेवटी डॅकजवळचे घड्याळ ठरविते, भिंतीतून आलेली केबल नव्हे. त्यामुळे हजारो रुपयांची 'ऑडिओ' नेटवर्क केबल घेण्याचा आग्रह कोणी धरला, तर नम्रपणे नकार देणे उत्तम. उपकरणांच्या विद्युत्-जोडणीतून येणारी गुणगुण ही मात्र खरी अडचण आहे. आपल्याकडे अनेक घरांत अर्थिंग सदोष असते, आणि तेथे विद्युत् अभियंत्याची एक भेट महागड्या केबलपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

विक्रेत्याच्या पत्रकातील आकड्यांबाबतही असेच तारतम्य हवे. सीडीवरील संगीत १६ बिटचे असून त्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्याचा वेग सेकंदाला १,४११ किलोबिट होतो. 'हाय-रेझोल्यूशन' म्हणून विकले जाणारे संगीत २४ बिट व १,९२,००० नमुन्यांपर्यंत जाते. न आकसता पाठविल्यास त्याला सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात, म्हणजे आजच्या ब्रॉडबँडला ते जड नाही. परंतु माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि सीडीचे प्रमाण तेथवर पोहोचते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये या विषयावरील १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ४०० हून अधिक श्रोते आणि १२,५०० हून अधिक चाचण्यांत दोन दर्जांतील फरक ओळखण्याचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. केवळ अंदाजाने उत्तरे दिली असती तरी ते ५० टक्के आलेच असते. फरक शून्य नाही, प्रशिक्षित कानांना तो अधिक जाणवतो. पण त्यासाठी किती पैसे मोजायचे, हे या आकड्याकडे पाहून ठरवावे.

भारतीय संगीताच्या श्रोत्यासाठी आणखी एक बाब आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हापासून पुढील कित्येक दशके आपले संगीत जेमतेम तीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर बंद होत राहिले. त्या तबकडीची २४ बिट आवृत्ती तबकडीत नसलेले काही देऊ शकत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १६ बिटमध्येच मुद्रित झालेल्या ख्यालगायनाचीही तीच कथा. मूळ मुद्रण आणि त्याचे जतन कसे झाले, यावरच अशा संगीताचा दर्जा ठरतो.

ध्वनीबाबत इतके पुरे. ग्राहकाचे पैसे खऱ्या अर्थाने बुडतात ते सॉफ्टवेअरमध्ये.

'स्क्वीझबॉक्स' या स्ट्रीमरचे उदाहरण बोलके आहे. स्लिम डिव्हाइसेस या कंपनीचे हे उपकरण रसिकांत अत्यंत लोकप्रिय होते. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये उत्पादन थांबविले आणि २०२४ च्या प्रारंभी या उपकरणांना इंटरनेट-सेवांशी जोडणारे संकेतस्थळही बंद केले. घराघरांतील यंत्रे सुस्थितीत होती. त्यांचा दुवा तेवढा तुटला. ती आज वाजतात, कारण त्यांचे सर्व्हर-सॉफ्टवेअर खुले होते आणि 'लिरियन' या नावाने स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले आहे.

सोनॉसच्या ग्राहकांना दुसऱ्या प्रकारचा अनुभव आला. जुन्या उपकरणांना मे २०२० पासून नव्या सुधारणा मिळणार नाहीत, अशी घोषणा त्या वर्षीच्या जानेवारीत झाली आणि तीव्र नाराजीनंतर कंपनीला जुन्या यंत्रांसाठी वेगळे अ‍ॅप ठेवावे लागले. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या अ‍ॅपमध्ये तर नेहमीच्या वापरातील अनेक सोयीच गायब होत्या. उपकरणातील एकही स्क्रू हलला नव्हता, तरी अनेकांची यंत्रणा रातोरात अवघड होऊन बसली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले.

'एमक्यूए' या संकेत-पद्धतीची कहाणीही येथेच सांगण्याजोगी आहे. काही वर्षांपूर्वी ही पद्धत उलगडणारा डॅक नसेल तर स्ट्रीमर कालबाह्य, असे सांगितले जाई. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या लेनब्रुकने तिची मालमत्ता घेतली आणि जुलै २०२४ मध्ये 'टायडल'ने तिला रजा देऊन 'फ्लॅक' हे खुले स्वरूप स्वीकारले. ज्यांनी त्या एका चिन्हासाठी जादा पैसे मोजले, त्यांच्या हाती चिन्ह उरले.

यातून खरेदीची दिशा स्पष्ट होते. डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर दीर्घकाळ टिकतात. यूएसबी किंवा ऑप्टिकल जोडणीचा दहा वर्षांपूर्वीचा चांगला डॅक आजही तितकाच चांगला आहे. प्रथम जुना होतो तो इंटरनेटशी बोलणारा भाग. म्हणून मोठी रक्कम स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि हवा तर स्वतंत्र डॅक यांत गुंतवावी आणि स्ट्रीमर माफक किमतीचा, बदलता येण्याजोगा ठेवावा, हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सर्व काही एकाच पेटीत असावे, तारांचे जंजाळ नको, घरातील ज्येष्ठांनाही एका बटणावर आकाशवाणी लावता यावी, ही अपेक्षाही रास्त आहे. मात्र तशी पेटी घेताना उत्पादकाने आपल्या आठ-दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रांना अद्याप सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या दिल्या आहेत का, हे त्याच्याच संकेतस्थळावर पाहून घ्यावे. त्या पेटीत बाहेरून संकेत घेणारे डिजिटल प्रवेशद्वारही असावे, म्हणजे उद्या आतला स्ट्रीमर निकामी झाला तरी स्वस्तातला दुसरा बाहेरून जोडता येईल.

भारतीय ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते ती परदेशी परीक्षणे वाचून. त्यांत 'टायडल' आणि 'कोबझ' या सेवा गृहीत धरलेल्या असतात. भारत मात्र त्यांच्या अधिकृत सेवाक्षेत्रात राहिलेला नाही. ही स्थिती खरेदीच्या वेळी पुन्हा तपासावी. परदेशातील नातेवाइकाच्या पत्त्यावर खाते उघडणारे आहेत, पण ज्या सेवेचे खाते कधीही बंद पडू शकते, तिच्या भरवशावर काही लाखांचे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. 'रून' या लोकप्रिय संगीत-व्यवस्थापन सॉफ्टवेअरबाबतही हेच लागू होते. ते उत्कृष्ट आहे, पण स्पॉटिफाय अथवा अ‍ॅपल म्युझिक त्याला जोडता येत नाहीत. त्यामुळे स्वतःचा मोठा संग्रह नसलेल्या येथील श्रोत्याला त्याच्या वर्गणीचा लाभ थोडाच.

भारतात अधिकृतपणे मिळणाऱ्या सेवांत अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून दर्जाहानीरहित संगीत जादा शुल्काविना देण्यास सुरुवात केली. अडचण अशी, की बहुतेक स्ट्रीमरमध्ये ही सेवा थेट नसते आणि एअरप्ले मार्गे ती फार तर सीडीच्या दर्जाने पोहोचते. ज्यांचे सारे ऐकणे याच सेवेवर आहे, त्यांनी आयफोन किंवा आयपॅड यूएसबी तारेने डॅकला जोडावा. पूर्ण दर्जा मिळतो आणि महागड्या स्ट्रीमरची गरजच उरत नाही. स्पॉटिफायने २०२५ मध्ये २४ बिट व ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतची दर्जाहानीरहित श्रेणी आणली. तिचा लाभ 'स्पॉटिफाय कनेक्ट'मधून घ्यायचा तर ती श्रेणी आपल्या सदस्यत्वात आहे का आणि त्या विशिष्ट स्ट्रीमरला तिचे पाठबळ मिळाले आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.

रागदारी संगीत ऐकणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एकाच मैफलीचे आलाप, विलंबित आणि द्रुत हे भाग अनेकदा वेगवेगळ्या फाइलींत असतात. दोन फाइलींमध्ये क्षणभराचीही फट पडली तर तानपुऱ्याचा अखंड नाद मध्येच तुटतो. सलग वादनाची ही सोय सर्व उपकरणांत, सर्व मार्गांनी सारखी चालत नाही, म्हणून दुकानात नेमकी तशीच मैफल लावून बघावी. दुसरी गोष्ट माहितीची. स्ट्रीमिंग सेवांच्या सूचीत गायकाचे नाव असते. राग, ताल, तबल्याची व संवादिनीची साथ यांची नोंद बहुधा नसते किंवा चुकीची असते. सीडींवरून स्वतः उतरवून घेतलेल्या फाइलींत ही सारी माहिती भरता येते आणि मग 'मारवा' असा शोध घेतला की घरातले सर्व मारवे समोर येतात. त्यासाठी स्ट्रीमर यूएसबी अथवा नेटवर्क डिस्कवरील संग्रह वाचू शकतो का आणि त्याचे अ‍ॅप देवनागरी नावे नीट दाखविते का, हे तपासायला हवे. हा संग्रह कोणत्याही सेवेच्या मर्जीवर अवलंबून नसतो, फक्त त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्यावी.

दोन स्ट्रीमर शेजारी ठेवून ऐकताना दोहोंचा आवाज तंतोतंत सारखा करून घ्यावा. किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक चांगला' भासतो आणि विक्रीच्या दालनात महाग यंत्र किंचित मोठ्याने वाजत असल्याचे आढळते. कोणते यंत्र वाजत आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने बदल करावेत. फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या आपल्या खोल्यांत आवाज फार घुमतो, त्यामुळे दालनातील अनुभव घरी येताच बदलतो. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचे कपाट आणि भिंतीपासून थोडे पुढे ओढलेले स्पीकर यांचा परिणाम नव्या स्ट्रीमरपेक्षा हमखास मोठा असतो.

परदेशातून स्वतः मागविलेल्या यंत्रावर येथील वितरकाची हमी बहुधा लागू होत नाही, आणि बिघाड झाल्यास ते परत पाठविण्याचा खर्च ग्राहकावर पडतो. अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्यास निदान आठवडाभर घरी वापरून पाहण्याची मुदत मागावी. त्या काळात ते घरच्याच वायफायवर, कुटुंबातील प्रत्येकाच्या फोनवरून आणि एकदा वीज जाऊन परत आल्यानंतर चालवून पाहावे. राउटर सुरू होण्यास वेळ लागला की काही स्ट्रीमर स्वतःहून पुन्हा जोडले जात नाहीत, आणि ही उणीव कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.