व्याख्यानपीठावरील साक्षीदार

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात, शेंदूरजनाघाट नावाचे संत्र्याच्या बागांनी वेढलेले एक लहानसे नगर आहे. आंबिया बहार धरावयाचा म्हणजे हिवाळ्यात झाडांना ताण द्यावयाचा, आणि एकदा फुले आली की मृग लागेपर्यंत त्यांचे पाणी तोडावयाचे नाही, हा तेथील बागाईतदारांचा नेम. हे पाणी पूर्वी विहिरींतून येई. पुढे विहिरी आटल्या, बोअर आले, आणि तेही शेकडो फूट खोल गेले. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत वरुडची गणना झाली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तर उभ्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या.

अशा नगरातील एखादा विद्यार्थी अमरावतीच्या विद्यापीठात शिकावयास जातो आणि एके दिवशी तेथील सूचनाफलकावर वाचतो की, नदी, अरण्य आणि विस्थापितांचे हक्क यांसाठी झगडून जगन्मान्य पारितोषिक मिळविलेल्या एका कार्यकर्तीचे आज व्याख्यान आहे. जलशास्त्राचे प्राध्यापक त्याला विद्यापीठातच भेटतात. कायदा शिकविणारेही भेटतात. मग या पाहुणीजवळ त्यांच्याहून निराळे असे काय असते?

याचे उत्तर शोधताना प्रथम पारितोषिकांचा उलगडा केलेला बरा. नोबेल पारितोषिकांत पर्यावरणासाठी स्वतंत्र पारितोषिक नाही. ते असावे, अशी सूचना याकोब फॉन उक्स्क्युल या गृहस्थांनी नोबेल प्रतिष्ठानास केली होती. ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी आपला मोलाचा टपाल-तिकिटांचा संग्रह विकला आणि त्या पैशातून १९८० साली ‘राइट लाइव्हलिहूड’ हे पारितोषिक सुरू केले. या नावाचे मूळ बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक् आजीव’ या अंगात आहे, ही गोष्ट वऱ्हाडातील अनेक घरांत विशेष आपुलकीने ऐकली जाईल. पुढे याच पारितोषिकाच्या विजेत्यांचा अनुभव विद्यापीठांतील तरुणांपर्यंत पोहोचावा म्हणून २००९ साली मलेशियातील पेनांग येथे, तेथील विद्यापीठाच्या आश्रयाने, एक ‘महाविद्यालय’ स्थापन झाले, आणि इतर देशांतील काही विद्यापीठांनीही हा उपक्रम उचलला.

१९९१ साली हे पारितोषिक नर्मदा बचाव आंदोलनास मिळाले, आणि त्यात मेधा पाटकर व बाबा आमटे ही दोन मराठी नावे होती. दोघांचाही विद्यापीठाशी असलेला संबंध मोठा उद्बोधक आहे. मेधाताई मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकल्या, तेथेच अध्यापनात होत्या आणि पीएच.डी.साठी संशोधनही करीत होत्या. १९८५ च्या सुमारास त्या नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या आणि प्रबंध अपुरा राहिला. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बुडणार होती. त्यांतले पहिले मणिबेली. त्या गावी जाऊन त्यांनी विचारलेले प्रश्न साधेच होते. पाणी कोठवर येणार, हे येथील लोकांना कोणी सांगितले आहे काय? जमिनीच्या बदल्यात जमीन कोठे मिळणार? ज्याच्या नावावर सातबारा नाही पण जो पिढ्यानुपिढ्या तेच रान कसतो, त्याची गणना कोणत्या रकान्यात व्हावयाची? या प्रश्नांची उत्तरे कागदावर नव्हती. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली आपला अहवाल दिला, तो पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही अंगांनी प्रकल्पावर ठपका ठेवणारा होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज घेण्याचे सोडून दिले. जी माहिती बाईंनी पायी फिरून गोळा केली, ती अशा रीतीने दूरच्या दप्तरांनाही विचारात घ्यावी लागली. त्याच बाई पुढे विद्यापीठांतून बोलू लागल्या, तेव्हा त्या अपुऱ्या प्रबंधाची उणीव कोणालाही भासली नसावी.

बाबा आमट्यांची गोष्ट निराळी. हिंगणघाटचा हा वकील कुष्ठरोग्यांचा सोबती झाला आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे पडावयाचे. अशा देहाने ते १९९० साली आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले. त्यांच्या नावामागे संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कांचे पारितोषिक (१९८८) आणि टेम्पल्टन पारितोषिक (१९९०) असे मोठे मान होते. तरीही तरुणांना शिकवावयाचे म्हणजे सभागृहात बोलवावयाचे, असा त्यांचा समज नव्हता. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत उन्हाळ्याच्या सुटीत येणाऱ्या मुलामुलींना ते आधी कुदळ-फावडे हाती देत, व्याख्यान मागाहून.

हा क्रम वऱ्हाडास नवा नाही. अमरावतीच्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे ते संत गाडगे बाबा शाळेत शिकलेले नव्हते. ते गावात येत, हातातल्या खराट्याने दिवसभर रस्ते झाडीत, आणि रात्री कीर्तनास उभे राहत. कीर्तनातही उपदेश थोडा आणि प्रश्न फार. श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घ्यावयाचे, अशी त्यांची हातोटी. नागपूरच्या विद्यापीठास तुकडोजी महाराजांचे नाव आहे. तेही खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव हिंडलेले. ज्यांनी पदवी घेतली नाही अशा दोन लोकशिक्षकांची नावे या दोन्ही विद्यापीठांच्या पदवीपत्रांवर छापली जातात, याचा विचार पदवीदानाच्या गर्दीत फारसा कोणी करीत नाही. रात्रीच्या कीर्तनाला दिवसभराच्या झाडण्याने जे वजन येई, तेच वजन अशा कार्यकर्त्यांच्या व्याख्यानाला येते. ती साक्ष असते. प्राध्यापक तपासून पाहिलेले ज्ञान देतो. साक्षीदार आपण काय पाहिले आणि त्यापायी काय सोसले, ते सांगतो.

सोसणे हा येथे अलंकार नव्हे. केनियाच्या वांगारी माथाई या नैरोबी विद्यापीठात पशुवैद्यकाच्या प्राध्यापिका होत्या. १९७७ साली त्यांनी स्त्रियांकरवी वृक्षारोपणाची चळवळ सुरू केली. १९८२ साली निवडणुकीस उभे राहण्यासाठी त्यांनी विद्यापीठाची नोकरी सोडली. उमेदवारी तर फेटाळली गेलीच, पण नोकरीही परत मिळाली नाही. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. नायजेरियाचे केन सारो-विवा यांना १९९४ साली राइट लाइव्हलिहूड मिळाले आणि पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९९५ रोजी, त्यांच्या सरकारने त्यांना फाशी दिले. पारितोषिकाने सभागृहाचे दार उघडते. तुरुंगाचे दार त्याने बंद होतेच असे नाही.

अर्थात् साक्ष ही एका बाजूची असते, हा आक्षेप खोटा नाही. नर्मदेचे पाणी सौराष्ट्र-कच्छच्या कोरड्या मुलखात गेले, तेथील घागरी भरल्या, हेही खरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने धरणाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा ज्या विद्यापीठात केवळ आंदोलकाचे व्याख्यान होते आणि पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यास कधी बोलाविले जात नाही, तेथे शिक्षण अर्धेच होते. परंतु व्यवहारात उलटेच अधिक घडते. अभियंत्याचे गणित पाठ्यपुस्तकात असतेच. बुडालेल्या गावाचे नसते.

शेंदूरजनाघाटच्या विद्यार्थ्यास हे समजावयाला नर्मदेपर्यंतही जावे लागत नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहराच्या नळांना त्याचेच पाणी येते. त्या जलाशयासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ते प्रकल्पग्रस्त वाढीव मोबदला आणि नोकऱ्या यांसाठी मोर्शीस दीर्घकाळ धरणे धरून बसले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी मुंबईस मंत्रालयात वरच्या मजल्यावर पसरलेल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, तेव्हा कोठे राज्याच्या कानावर त्यांचे नाव गेले. त्यांना पारितोषिक मिळालेले नाही, आणि त्यांतील कोणाच्या व्याख्यानाची सूचना फलकावर लावण्याचे सहसा कोणाला सुचतही नाही.

त्या विद्यार्थ्याच्या घरच्या बागेला पाणी हवे आहे, आणि ते त्याने मागावे यात गैर काही नाही. व्याख्यान संपल्यावर अध्यक्ष प्रश्नांसाठी जी दहा मिनिटे देतात, तेवढ्यात तो उठून विचारू शकेल की, आमच्या झाडांना पाणी मिळावयाचे तर ते कोणाच्या शिवारातून यावयाचे आणि त्याला कोणी विचारले आहे काय. पाहुणीला याचे तयार उत्तर देता येणार नाही. बहुधा त्या उलट त्यालाच विचारतील की, तुमच्या गावात बोअर किती आहेत आणि ते कोणी मोजले आहेत काय.